मागच्या पडवीतलं वायफाय: जून ते गणपती

आमचं घर रत्नागिरीपासून थोडं आत, एका वाडीत. जांभ्याच्या चिऱ्यांचं, जुन्या पद्धतीचं. पुढे ओटी, मग माजघर, बाजूला स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे पडवी. माजघराच्या भिंती दीड फूट जाड. मे महिन्यात घर गार राहतं ते या भिंतींच्या कृपेनं, आणि पुढची सगळी रामकहाणीही बरीचशी त्यांच्यामुळेच.

मी घरून जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरून देते. चाळीसेक अशिलं आहेत: किराणावाले, एक-दोन खानावळी, बांधकामाचे छोटे कंत्राटदार. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचा तपशील, 20 तारखेला 3बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र, आणि त्या वर्षी जुलैअखेर आयकर. या तारखांना नेट गेलं तर उशिराचा दंड अशिलाला बसतो आणि बोलणी मला. म्हणून 2024 च्या जून ते सप्टेंबरमध्ये काय काय केलं ते सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे. माझं बरंच चुकलं, तेही लिहिते.

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा महत्त्वाची वाटलीच नव्हती. मार्चअखेरच्या धावपळीत लॅपटॉपची डावी बिजागरी तुटली. पडदा उघडताना कडकन आवाज व्हायचा. गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात दिला, 1,800 रुपये घेतले, तीन दिवसांत परत मिळाला. बिजागरी छान बसली होती. एप्रिल-मे मी ओटीवर, राउटरच्या शेजारीच बसून काम केलं. काही अडलं नाही.

मे संपता संपता आंब्याचा हंगाम आवरला. पडवीतल्या रिकाम्या पेट्या आणि पेंढा हलला. ओटीवर दिवसभर माणसांची ये-जा असते, फोनवर अशिलाशी आकड्यांचं बोलायचं म्हणजे सगळ्या वाडीला त्याची उलाढाल कळायची. म्हणून मृगाच्या तोंडावर, 8 जूनला, शनिवारी मी टेबल पडवीत हलवलं. खिडकीबाहेर फणस, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस. वाटलं, आता कसं निवांत काम होईल.

11 जूनला निवांतपणा संपला. लॅपटॉपवर वायफायची एकच दांडी. पोर्टल उघडायचं, आकडे भरायचे, सबमिट केलं की चक्र फिरत राहायचं. ओटीपी अशिलाच्या फोनवर जातो. तो बिचारा गल्ल्यावर गिऱ्हाईक सोडून मला आकडे सांगतोय, आणि इकडे पान परत लॉगिन मागतंय. तिसऱ्यांदा ओटीपी मागितल्यावर खानावळीवाले काका म्हणाले, "वहिनी, तुमचं नेट आजारी आहे काय?" शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि रात्री साडेदहाला शेवटचं विवरणपत्र भरलं. पडवीत मोबाइलचीही रेंज यथातथाच, म्हणून फोन खिडकीच्या गजाला रबरबँडनं बांधला होता.

दुसऱ्या दिवशी, 12 तारखेला, इंटरनेट कंपनीला फोन केला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे वाचाल तर कळेलच की चूक फारशी त्यांची नव्हती. तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक मिळतो. तो मागून घ्या आणि तारखेसकट वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक फोनला तोच विचारतात.

15 तारखेला कंपनीचा मुलगा आला. भर पावसात, रेनकोटातून पाणी निथळत. त्यानं ओटीवरच्या डब्यातली फायबरची पिन काढून छोट्या मीटरला लावली, उणे 19 आलं. म्हणाला, "ताई, उणे 27 पर्यंत चालतं, तुमचं एकदम मस्त आहे." मग स्वतःच्या फोनवर वेग दाखवला: 94 एमबीपीएस. माझा प्लॅन शंभरचा. "लाइन ओके आहे. आत रेंज येत नसेल तर चिऱ्याच्या भिंती आहेत ना, आम्ही काय करणार?" चहा घेऊन तो गेला. तासाभरात एसएमएस आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मला भयंकर राग आला. पण मुलगा बोलला त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं हे आज कबूल करते.

भिंती दोषी, हे आता माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आणि ते पटण्यासारखंही होतं. वायफायच्या लहरी जाड दगडातून जाताना क्षीण होतात, भिंत ओली असेल तर आणखी, आणि पावसाळ्यात जांभा पाणी पितो हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. शिवाय राउटर बसवला होता ओटीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, लोखंडी कपाटाच्या मागे. फायबर तिथून आत येते म्हणून तिथेच. लोखंडाच्या कपाटाआड राउटर ठेवणं म्हणजे कंदील पिंपात ठेवण्यासारखं.

अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, यावर स्वतःचा उपाय काढला. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की राउटरच्या मागे धातूचा पत्रा उभा केला की रेंज पुढे फेकली जाते. म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातलं मोठं स्टीलचं ताट आणून राउटरमागे टेकवलं. "अगो, बघ आता कशी पळते ती." मी पडवीत जाऊन पाहिलं. एकच दांडी. पण त्यांचा उत्साह पाहून "थोडा फरक आहे" असं म्हटलं, आणि ते ताट तिथेच राहिलं. धातूवरून लहरी परावर्तित होतात हे खरं आहे, त्यामुळे कल्पना अगदीच खुळी नव्हती. नंतर मोजल्यावर पडवीच्या दिशेला दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला, तोही कधी दिसायचा कधी नाही.

16 जूनला ऑनलाइन रिपीटर, म्हणजे राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, मागवला. 1,499 रुपये. आमच्याकडे पार्सल यायला सहा दिवस लागतात, तेवढ्यात 20 तारखेचं 3बी पुन्हा हॉटस्पॉटवर उरकलं. 22 ला रिपीटर आला. पडवीत प्लग एकच, त्यात लॅपटॉपचा चार्जर, म्हणून तो माजघरात लावला. जागा योगायोगानं बरोबर निघाली. रिपीटर राउटर आणि आपण यांच्या मध्यावर हवा, जिथे मूळ रेंज अजून बरी आहे तिथे. अनेक जण तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. मग जे त्याच्याच हाताला लागत नाही ते तो पुढे काय देणार?

एकाच्या दोन दांड्या झाल्या. पण वेग? स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. शिवाय त्यानं स्वतःचं वेगळं नाव लावलं होतं, आणि लॅपटॉप कधी याला धरायचा, कधी जुन्याला. मधल्या त्या पाच-सात सेकंदांत पोर्टल आपटायचं. परत करावं म्हटलं तर पानावर बारीक अक्षरात "फक्त बदलून मिळेल". ते आधी वाचायचं असतं. मी इतरांच्या नोटिशींतली बारीक अक्षरं वाचून पोट भरते, आणि स्वतःच्या खरेदीत ती वाचली नाहीत.

मग अजून एक शहाणपणा केला. कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी सुचवलं की प्लॅन 200 च्या वेगाचा घ्या. 599 अधिक 18 टक्के जीएसटी मिळून 706 रुपये 82 पैसे भरत होते, ते 799 अधिक 18 टक्के, म्हणजे 942 रुपये 82 पैसे झाले. महिन्याला 236 जास्त. माझी स्वतःची उलाढाल 20 लाखांच्या कितीतरी खाली, म्हणून मी नोंदणीकृत नाही, म्हणजे त्या जीएसटीचं क्रेडिटही नाही. 1 जुलैपासून ओटीवर 180 मिळायला लागलं आणि पडवीत जे होतं तेच राहिलं. विहिरीत पाणी वाढलं तरी पोहऱ्याला भोक असेल तर काय उपयोग?

जुलैचा पहिला पंधरवडा वाईट गेला. एकीकडे 11 तारीख, दुसरीकडे आयकराची 31 जुलै डोक्यावर. 4 जुलैला दुसरी तक्रार, दुसरा डॉकेट क्रमांक, आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच निवारणाचा एसएमएस, या वेळी तर कोणी आलंच नाही. मी चिडून अपीलाचा मसुदा लिहून काढला. हे पुष्कळांना ठाऊक नसतं: दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्राच्या वर एक अपील प्राधिकरण ठेवावं लागतं, डॉकेट क्रमांक देऊन तिथे अपील करता येतं, आणि त्याला शुल्क नाही. लाइनच बंद असेल, बिल चुकीचं असेल तर तो रस्ता जरूर धरा. मी मसुदा अगदी ठसक्यात लिहिला होता, दोन्ही एसएमएसच्या तारखा घालून. बरं झालं पाठवला नाही.

कारण 17 जुलैला आषाढी एकादशी. सुट्टी. बाहेर धो धो पाऊस, लेक माझ्यासमोर त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून साबुदाण्याची खिचडी खात फोनवर गणिताचं व्याख्यान बघत होती. मी लॅपटॉपवर एका कंत्राटदाराचा 26एएस, म्हणजे त्याच्या कापलेल्या कराचा तक्ता, उतरवून घेण्यासाठी दहा मिनिटं खोळंबले होते. करवादून म्हटलं, "ते बंद कर बघू, तुझ्यामुळे माझं अडतंय." तिनं व्हिडिओ थांबवला. माझं चक्र फिरतच राहिलं. तिनं परत सुरू केला, तर तिचं झटक्यात चालू. मग म्हणाली, "आई, माझं तर वायफायवरच आहे. कालपण होतं. तुझाच लॅपटॉप गंडलाय."

सव्वा महिना. त्या सव्वा महिन्यात मी एकदाही फोन लॅपटॉपशेजारी ठेवून बघितलं नव्हतं. फोनवर पडवीत मी वायफाय लावतच नव्हते. हॉटस्पॉटसाठी डेटा चालू लागायचा आणि तशीच सवय पडली होती.

18 च्या रात्री रीतसर मोजायला बसले. फोनवर वायफायची ताकद दाखवणारं एक फुकट ॲप घेतलं. ते डीबीएममध्ये आकडा देतं, आणि तो उणे असतो: उणे 40 म्हणजे उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे 80 च्या पुढे रडारड. हे आकडे आपल्या बेरीज-वजाबाकीसारखे सरळ नाहीत. 10 नं उतरलं की ताकद दहापट कमी, 20 नं उतरलं की शंभरपट. विंडोजच्या लॅपटॉपवर काही घ्यावं लागत नाही. स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप केलं की काळी खिडकी उघडते, तिच्यात इंग्रजीतून "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" लिहायचं (पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच सलग, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन). सिग्नल टक्क्यांत येतो. त्याचं निम्मं करून त्यातून 100 वजा केले की साधारण डीबीएम मिळतो. म्हणजे 70 टक्के असतील तर 35 वजा 100, उणे 65. दांड्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. फोनच्या तीन आणि लॅपटॉपच्या तीन यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो.

घरातल्या पाच जागा, प्रत्येक जागी तीन वेळा, फोन आणि लॅपटॉप शेजारी शेजारी. नवऱ्यानं विचारलं, "ऑडिट चाललंय का?" चाललंच होतं. वहीतला ताळेबंद असा: पडवीतल्या टेबलावर फोन उणे 64, लॅपटॉप 18 टक्के, म्हणजे उणे 91. फोनवर वेग 38, लॅपटॉपवर दीड. भिंतीचा दोष म्हणावा तर तो दोघांना सारखाच लागायला हवा. आणि ओटीवर, राउटरपासून दोन हातांवर? फोन उणे 38, लॅपटॉप 70 टक्के. तिथे शंभर दिसायला हवं. मध्ये भिंत नाही, कपाट नाही, काही नाही, तरी तेवढाच 27 चा फरक. हिशोबानं सुमारे पाचशेपट. एप्रिल-मेमध्ये ते कळलं नाही, कारण राउटरजवळ पाचशेपट घट होऊनही कामापुरतं उरत होतं. पडवीत उरेना.

19 जुलैची संध्याकाळ लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये गेली. जे केलं ते थोडक्यात सांगते, कारण माझ्या बाबतीत काही उपयोग झाला नाही, पण तुमच्या बाबतीत होऊ शकतो आणि हे सगळं फुकट आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या नावावर उजवी टिचकी मारून गुणधर्मांत गेलं की ऊर्जाबचतीचा एक रकाना आहे, "वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायला संगणकाला मुभा द्या" अशा अर्थाचा. त्यातली खूण काढली. ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून नवीन घातला. "तुमचे 14 ड्रायव्हर जुने झाले आहेत" असं ओरडणाऱ्या जाहिरातींना हात लावू नका. राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांना वेगळी नावं दिली, म्हणजे आपण कशावर आहोत ते कळतं. 5 वेगवान, पण भिंत ओलांडताना दम टाकतो. आमच्या माजघराच्या पलीकडे तो पोचतच नाही. शेवटी "नेटवर्क रीसेट" केलं. ते केल्यावर साठवलेले वायफायचे सगळे पासवर्ड जातात हे मला नंतर कळलं. दोन अशिलांच्या दुकानांतल्या वायफायचे पासवर्ड पुन्हा मागावे लागले.

चॅनेल, म्हणजे पट्टीतला ज्यावर राउटर बोलतो तो कप्पा, बदलायचा सल्ला सगळीकडे मिळतो. धाकटे दीर डोंबिवलीत राहतात, त्यांच्या हॉलमध्ये ते ॲप उघडलं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची तीसच्या वर नेटवर्कं दिसतात, एकावर एक चढलेली. तिथे 1, 6 आणि 11 यांतला कमी गर्दीचा चॅनेल निवडला तर खरोखर फरक पडतो, कारण 2.4 च्या पट्टीत हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. आमच्या वाडीत दोनच वायफाय, एक आमचं आणि एक ग्रामपंचायतीच्या बाजूच्या घरातलं. मी तरी 11 चा 1 केला. देवळात जाऊन घंटा वाजवावी तसं.

20 तारखेचं 3बी ओटीवर बसून भरलं. 22 जुलैला, सोमवारी, रत्नागिरीत गेले आणि यूएसबीला लावायचा वायफायचा डोंगल घेतला, छोटा अँटेना असलेला, 549 रुपये. नखाएवढे बिनअँटेनाचेही मिळतात, ते घेऊ नका. पडवीत आणून लावला. 18 टक्क्यांचे 64 टक्के. लॅपटॉप तोच, जागा तीच, पाऊसही तोच. म्हणजे लॅपटॉपचं स्वतःचं वायफायच दुखावलेलं होतं. माझ्या मते एवढा स्वस्त आणि एवढा स्पष्ट निकाल देणारी दुसरी चाचणी नाही. शेजाऱ्याकडे डोंगल असेल तर अर्ध्या तासासाठी मागून आणा, विकतही घ्यायला नको.

त्याच दिवशी मार्चमधल्या दुकानातही जाऊन आले होते. त्यांनी लॅपटॉप न उघडताच सांगितलं, "वायफाय कार्ड गेलंय, 2,200 होतील, आठ दिवस ठेवावा लागेल." 31 जुलैच्या आधी आठ दिवस लॅपटॉप देणं म्हणजे पेरणीच्या दिवसांत बैल गहाण टाकणं. नाही म्हटलं. आयकराचा सगळा हंगाम डोंगलवर काढला. अडचण एवढीच की लॅपटॉपला यूएसबीची दोनच तोंडं. एकात डोंगल, एकात माऊस, आणि कुणाच्या डिजिटल सहीचं टोकन लावायचं झालं की माऊसला बाहेर काढायचं.

3 ऑगस्टला, शनिवारी, दुसऱ्या एका कारागिराकडे गेले. एसटी स्टँडजवळ जिन्याखालची जागा, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. मी त्याला वहीतले आकडे दाखवले आणि मार्चमधली बिजागरी सांगितली. बिजागरी म्हटल्याबरोबर तो हसला. "मग कार्ड नसेल गेलेलं, ताई." माझ्यासमोरच मागचं झाकण उघडलं.

वायफायचे अँटेना बहुतेक लॅपटॉपांत पडद्याच्या वरच्या कडेत, चौकटीच्या आत असतात. तिथून दोन बारीक वायरी, आमच्यात एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीच्या पोटातून खाली येऊन कार्डावर बटणासारख्या बसतात. बटण मोहरीच्या दाण्याएवढं. काळ्या वायरीचं बटण कार्डावर नव्हतंच, शेजारी मोकळं पडलेलं. आणि पांढरी वायर नव्या बिजागरीखाली चेपून अर्धी तुटलेली, वर सेलोटेप. म्हणजे मार्चपासून लॅपटॉप कानात बोळे घालून ऐकत होता. मला आधी हसू आलं, मग रडू.

काळी त्यानं अंगठ्यानं दाबून बसवली, टक आवाज आला. पांढरीसाठी अँटेनाची जोडी कोल्हापूरहून मागवावी लागणार होती. लॅपटॉप ठेवून आले. गुरुवारी, 8 ऑगस्टला मिळाला. जोडी 350, मजुरी 400. मी सवयीनं बिल मागितलं. "कच्चं चालेल ना ताई?" मी काय काम करते ते सांगितल्यावर त्यानं ड्रॉवरमधून बिलबुक शोधून काढलं, धूळ झटकली आणि सुंदर अक्षरात पावती लिहून दिली.

पडवीत येऊन काळी खिडकी उघडली. 72 टक्के. निम्मं करून शंभर वजा: उणे 64. फोनएवढंच. रात्री जेवताना मी हे सगळ्यांना सांगितलं तेव्हा कुणालाच त्यातली गोडी कळली नाही, पण माझी दोन्ही खाती जुळली होती.

खरं तर इथे थांबता आलं असतं. पण हात वळवळत होते, आणि गणपतीत घर भरणार होतं. राउटर माजघरात हलवायचा तर फायबर ओढायला कंपनीचा माणूस लागणार. त्यापेक्षा आधीच्या कंपनीचा एक जुना राउटर माळ्यावर पडला होता, तो पडवीत लावायचं ठरवलं. 25 मीटर कॅट-6 नेटवर्क केबल, दोन्ही टोकांना पिना लावलेली, 640 रुपये, खिळ्यांच्या क्लिपा 60. अण्णांनी एकच अट घातली: "भिंतीला भोक पडता नये." मग केबल दारांच्या चौकटींवरच्या झरोक्यांतून नेली, आतून, वाशाच्या कडेकडेनं. बाहेरून ओढू नका. आमच्याकडे वीज कडाडते तेव्हा तांब्याच्या वायरीतून ती राउटरपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

25 ऑगस्ट, रविवार. केबलला दोन तास, सेटिंगला पाऊण तास. जुन्या राउटरमध्ये तीन गोष्टी करायच्या: त्याचा पत्ता बदलायचा (मुख्य 192.168.1.1 असेल तर हा 192.168.1.2), डीएचसीपी बंद करायचं, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम एकट्या मुख्य राउटरकडे राहतं, आणि नाव-पासवर्ड मुख्यासारखाच ठेवायचा. चॅनेल मात्र वेगळा. मुख्य 1 वर होता, हा 11 वर ठेवला. केबल दोन्हीकडे लॅनच्या भोकात, जुन्या राउटरच्या वॅनच्या वेगळ्या रंगाच्या भोकात नाही. मी पहिल्यांदा वॅनमध्येच घातली आणि वीस मिनिटं डोकं खाजवत बसले. रिपीटर काढून कपाटात ठेवला. कुणाला हवा असेल तर घेऊन जा. टेबलावर आता 98 टक्के.

कंपनीला फोन करून प्लॅन पुन्हा शंभरवर आणला, सप्टेंबरपासून. त्याचाही डॉकेट क्रमांक घेतला. वहीत एकूण 3,970 रुपये मांडले आहेत: रिपीटर 1,499, दोन महिन्यांचा वाढीव प्लॅन 472, डोंगल 549, दुरुस्ती 750, केबल आणि क्लिपा 700. यातले कामी आले 1,450, आणि डोंगलचे 549 मी तपासणी शुल्क म्हणून धरते. मार्चचे 1,800 यात धरले नाहीत, ते धरले की चिडचिड होते.

7 सप्टेंबरला गणपती आले, आणि आदल्या रात्रीच मुंबईहून चाकरमानी. पोरंटोरं धरून तेरा फोन. पाय धुवायच्या आधी पासवर्ड विचारला. अण्णा ओटीवर बसून प्रत्येकाला तो स्वतः सांगत होते, एक एक अक्षर, आणि वर हेही की रेंज पार पडवीपर्यंत जाते, कारण राउटरच्या मागे ताट लावलं आहे. दुपारी पंगतीला एक ताट कमी पडलं. सासूबाई ओटीवर गेल्या, राउटरमागचं ताट उचललं, विसळलं आणि त्यात वरणभात वाढला. कुणाचंही नेट गेलं नाही. पंगत उठल्यावर ताट घासून अण्णांनी परत जागेवर ठेवलं.